पौर्णिमेला फोडायचं पाकीट

खंडाळा
१४ मे २०२५

प्रिय महिपतदादास सप्रेम जय भीम.

(काका, आबा सांगतायत आणि मी लिहितेय. त्यांचा मोतीबिंदू वाढलाय. ऑपरेशनचं नाव काढलं की त्यांना शेठच्या बंगल्यातल्या झाडांना पाणी घालायची आठवण येते. ते जसं बोलतात तसंच लिहिते. — यशोधरा)

दादा, परवा बुद्धपौर्णिमेला तुजं पत्र विहारात वाचलं. पाकीट आठ दिस आदीच आलं होतं, पण रीतीपरमाणं मूर्तीपुढं ठेवलं. वंदना झाली, खीर वाटली, मग गेणूभाऊनं सगळ्यांसमोर फोडलं आणि यशोनं खणखणीत वाचलं. गेणूभाऊ विहाराचा अध्यक्ष झाल्यापासून नियम लय कडक. महिपतीचं पत्र घरात फोडायचं न्हाई, पौर्णिमेलाच फोडायचं. तो एकट्या श्रीपतीचा चुलतभाऊ न्हाई, सगळ्या वस्तीचा हाय. आपला एक माणूस आसामात कॉलेजात साहेब हाय हे पोरांच्या कानावर पडाय पायजे. भिंतीवरच्या तुज्या कोटातल्या फोटोला पण नवी चौकट केलीय.

आता खरी बातमी ऐक आणि खाली बस. यशोचं नाव लागलं. कुटं? तुज्याच कॉलेजात! परीक्षा दिली तवा आमाला वाटलं, पोरगी गंमत करती. यादीत बाराव्या नंबरला नाव आलं. २८ जुलैला हजर व्हायचंय. वडगावला कचेरीत दाखल्यांसाठी चार खेपा झाल्या, त्यातल्या दोन मी फोटो न्यायला इसरलो म्हणून.

दादा, खरं सांगतो, मी पोरीला लोणावळ्याच्या पुढं एकटीला सोडली नसती. तळेगावात कॉलेज हाय, सकाळी गेली की सांजच्याला घरात. पण तू तितं हायस. साहेब चुलता दारात असल्यावर बाप कशाला न्हाई म्हणंल? तुज्या जिवावर व्हय म्हणलो.

पोचवायला अकरा जण येतोय. आपल्यात नवरीला पोचवायला पाच जण जातात, ही तर शिकायला चाललीय. गेणूभाऊ हाय, यशोची आई रेणुका हाय, माजी आई पण येती म्हणती. तिला तुज्या दारात येतो तो हत्ती बघायचाय. पुतण्या विकी म्हणतो, तिकिटं न्हाई मिळाली तर मी जीप काढतो, घाट संपला की सरळच रस्ता हाय. त्याला घाट म्हणजे आपलाच ठावं. गाद्यांची काळजी करू नगं, तुज्या बंगल्याच्या गच्चीवर आमी ओळीनं झोपू.

हॉस्टेलचा फॉर्म आत घातलाय. त्यात स्थानिक पालक म्हणून तुजी सही लागती. सही केल्याबिगर खोली देत न्हाईत.

तुजा,
श्रीपती


मेस-निवास, आसाम
२५ मे २०२५

चि. श्रीपती यास अनेक मंगल कामना.

तुझे पत्र पावले. चि. यशोधरेच्या यशाने माझी मान उंचावली. विहारातील सर्व उपासक-उपासिकांना माझा सविनय जय भीम कळव.

तथापि, वडीलधारा या नात्याने दोन शब्द लिहिणे माझे कर्तव्य आहे. जुलै-ऑगस्टात येथे पूर येतो. गतवर्षी पाणी आमच्या भोजन विभागाच्या पायरीपर्यंत आले होते. रानात जळवा आहेत. त्या पायजम्यातून वर चढतात आणि माणसाला कळत नाही. गाडीला तीन दिवस लागतात, कधी चार. चिमाकाकीचे वय पाहता हा प्रवास तिला सोसणार नाही. मुलीच्या दृष्टीनेही घराजवळचे शिक्षण कमी प्रतीचे असते असे नाही. तळेगावचा विचार तू पुन्हा करावास.

भोजन विभागाची संपूर्ण जबाबदारी माझ्या एकट्याच्या शिरावर असल्याने मला पाहुण्यांकडे लक्ष देणे कितपत जमेल, याविषयी मी साशंक आहे. फॉर्मचे यथावकाश पाहू.

ता. क. हत्तीबद्दल मी केव्हा लिहिले होते ते स्मरत नाही. बंगला व गच्ची यांविषयीही नीट आठवत नाही. वय झाले.

तुझा,
महिपती


खंडाळा
१२ जून २०२५

प्रिय दादास जय भीम.

काल पौर्णिमा झाली. तुजं पत्र यशोनं वाचलं आणि वस्ती नुसती डोलाय लागली. पाऊस लागला की गच्चीवरून ब्रह्मपुत्रा कशी दिसती हे काय लिवलंयस रं! आई म्हणाली, महिपती ल्हानपणी मुका होता, आता बघा. आणि तुजी माया तर काय सांगू. ‘अकरा हे काय पाहुणे झाले’ असं तू लिवलंस ते ऐकून आणखी तिघांनी नावं दिली. चौदा झालो.

(काका, जळवांचं मी मोठ्यानं वाचलं नाही. लहान मुलं बसली होती. — यशोधरा)

शेठ शनवारी बंगल्यावर आले होते. मला म्हणाले, श्रीपती, जुलैत रजा कशाला? म्हणलं, आसामात भावाच्या बंगल्यावर चाललोय. म्हणाले, केवढा बंगला हाय? म्हणलं, तुमच्यापरीस थोडा ल्हान.  दादा, पंचवीस वर्सं मी त्या माणसाची हिरवळ कापतोय, त्याला मी पयल्यांदा गप केलं.

आता गेणूभाऊचा बेत ऐक. विहारातर्फे तुला शाल आणि मानपत्र द्यायचं ठरलंय. हितं न्हाई, तितंच, कॉलेजात, सगळ्या प्राध्यापकांसमोर, प्रिन्सिपल साहेबांच्या हातनं. मानपत्र छापायला टाकलंय. तुज्या हुद्द्याचं नाव नीट कळव, छापताना चूक नगं. फॉर्म पण पाठव, यशो रोज पोस्टमनची वाट बघती.

तुजा,
श्रीपती


२२ जून २०२५

श्रीपा,

हे पत्र विहारात वाचू नये.

मी साहेब न्हाई. मी आचारी हाय.

लिवलं एकदाचं. आता पुढचं सोपं जाईल असं वाटलं होतं, पण जात न्हाई. पुलाच्या कंत्राटदाराबरोबर मी हितं आलो ते त्याच्या टोळीला भाकरी थापाय. पूल झाला, कंत्राटदार गेला, मी कॉलेजच्या मेसमध्ये लागलो. पयल्या पत्रात लिवलं, ‘कॉलेजात लागलो.’ ते खोटं न्हवतं. तुमी तितं काय समजलात ते मला सा महिन्यांनी कळलं, जवा तात्यांनी लिवून घेतलं की आख्ख्या भावकीत माजा पोरगा पयला. दहावी नापास पोराच्या बापानं असं लिवलंय म्हणल्यावर मी काय करायचं होतं? उलटटपाली ‘न्हाई तात्या, मी कांदे चिरतो’ असं लिवायचं? मी ‘भोजन विभाग’ लिवलं. तात्या गेले ते त्या समाधानात गेले. नंतर मागं फिरायला तोंड राहिलं न्हाई.

तो कोट प्राध्यापक बरुआंचा हाय. फोटोपुरता घेतला होता.

बंगला हाय असं मी कदी लिवलं न्हाई. पण तुमी बंगला बंगला म्हणत गेलात आणि मी न्हाई पण म्हणलो न्हाई, ही माजीच चूक. मेसच्या मागं दहा बाय बाराची एक खोली हाय. तिला दार एक आणि खिडकी अर्धी. त्यात तुमी चौदा जण कसे मावणार? आणि ज्या प्रिन्सिपल साहेबांच्या हातनं तुमी मला शाल देणार, त्यांच्या ताटात मी रोज डाळ वाढतो. त्यांना माजं आडनाव पण ठावं न्हाई.

मला कळतंय की हे वाचल्यावर तू पोरीला पाठवणार न्हाईस. साहेबाच्या जिवावर पाठवत होतास, आचाऱ्याच्या जिवावर कोण पाठवतं? बाराव्या नंबरनं आलेली पोरगी माज्यामुळं घरात बसंल, हे मनात आलं की हातातलं काम सुटतं. पण चौदा माणसं दारात आल्यावर कळण्यापरीस हे बरं. फॉर्मवर सही करून ठेवलीय. पाठवू का फाडू, ते तू सांग.

महिपती


खंडाळा
११ जुलै २०२५

प्रिय दादास जय भीम.

काल आषाढपौर्णिमा. पावसाळ्याचा वर्षावास बसला. तुजं पत्र दहा दिस मूर्तीपुढं वाट बघत होतं, ते काल फोडलं. दादा, तुजं पत्र ऐकून बायांच्या डोळ्याला पानी आलं. एवढा मोठा माणूस, पण कॉलेजचा नियम स्वतःच्या माणसांसाठी मोडणार न्हाई! ‘मुलीबरोबर एकच पालक, आणि ती बाईच पाहिजे’ असा नियम असंल तर असंल. गेणूभाऊ म्हणाला, याला म्हणतात शिस्त, ऐका पोरांनो. शाल परत कपाटात ठेवली. मानपत्र पोस्टानं पाठवू का? विकीनं जीप धुवून आणली होती, तो दोन दिस जेवला न्हाई.

तर मग एकटी रेणुका येती यशोला घेऊन. माजं काळीज तुज्या वटीत टाकलंय. सांभाळ.

तुजा,
श्रीपती


(त्याच पाकिटात)

काका,

आता हे माझं. आबा हिरवळ कापायला बंगल्यावर गेलेत.

‘विहारात वाचू नये’ हे तुम्ही पत्राच्या आत लिहिलंत. ते पाकिटावर लिहायला हवं होतं ना! मला ते दिसलं तेव्हा समोर साठ माणसं पांढरे कपडे घालून बसली होती आणि गेणूभाऊ म्हणत होते, वाच गं, मोठ्यानं वाच. मग मी वाचलं. जे तुम्ही लिहिलं नव्हतं ते सगळं.

घाबरू नका, मला सवय आहे. सहावीत असताना पहिल्यांदा तुमचं पत्र माझ्या हातात दिलं, तेव्हा ते चार ओळींचं होतं. थंडी फार आहे, गुडघा दुखतो, सर्वांना जय भीम. संपलं. लोक कामं टाकून आले होते. आजी म्हणाली, एवढंच? मला तुमची आणि माझी, दोघांची लाज वाटली. म्हणून मी पुढे वाचलं, ‘काल दारासमोर हत्ती आला होता.’ सगळे सरसावून बसले. तेव्हापासून तुमच्याकडे दर पौर्णिमेला काहीतरी घडायला लागलं. नोकरी तुम्ही वाढवलीत काका, पण बंगला मी बांधला. गच्ची माझी, नदी माझी, ‘अकरा हे काय पाहुणे झाले’ हेही माझंच. ते जरा जास्तच झालं, चुकले.

आणि तुम्ही आचारी आहात हे मला फेब्रुवारीतच कळलं होतं. परीक्षेचा फॉर्म भरताना कॉलेजच्या साइटवर स्नेहसंमेलनाचा फोटो होता. सगळे प्राध्यापक जेवायला बसलेत आणि मागे पातेल्यापाशी पळी घेऊन तुम्ही उभे. मी फोटो मोठा करून करून बघितला. मग विहारात जाऊन चौकटीतला बघितला. माणूस तोच, फक्त कोट नाही. मी घरी आले आणि फॉर्म भरून टाकला.

का ते सांगते. तुम्ही कॉलेजच्या टाकाऊ पाकिटांतून पत्रं पाठवता. त्यांच्यावर एक झाड आणि ‘वनविद्या महाविद्यालय’ असं छापलेलं असतं. सहावीतल्या मुलीला प्रश्न पडणारच ना, की वनाची कसली विद्या? आबा पंचवीस वर्षं दुसऱ्यांची झाडं वाढवतायत आणि शेठना गाडी लावायला जागा हवी झाली की तीच झाडं आबांनाच तोडायला लावतात. गेल्या वर्षी जांभूळ तोडलं तेव्हा आबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले होते. मला हेच शिकायचंय आणि तिथेच शिकायचंय. तळेगावात ते नाही.

आबांना खरं कळलं तर मी जाणार नाही, हे तुम्ही बरोबर लिहिलंत. म्हणून कळू द्यायचं नाही. आईला सगळं माहीत आहे. ती म्हणाली, खरं बोलणं चांगलंच, पण ते गाडी सुटल्यावर बोलावं. तिकिटं आम्हा दोघींचीच काढलीत, मेमध्येच. बाकीच्यांची वेटिंगला आहेत असं सांगून ठेवलं होतं.

फॉर्म फाडू नका. उत्तर आईच्या चिक्कीच्या कारखान्याच्या पत्त्यावर पाठवा, खाली लिहिलाय.

यशोधरा


आसाम
१७ जुलै २०२५

यशोधरा,

तुझं पत्र कोठीत बसून तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला. अठ्ठावीस वर्षांत मला जमलं नाही तेवढं खोटं या पोरीनं उभ्या उभ्या वाचलं! दुसऱ्यांदा हसू आलं. तिसऱ्यांदा डाळ बुडाला लागली आणि दोनशे पोरांनी मला नावं ठेवली.

खोटं बोलू नये, असं मी तुला सांगायला हवं. पण मी सांगितलं तर माझं ऐकेल कोण?

फॉर्म सही करून तयार आहे. हॉस्टेलच्या बाईंना मी सांगितलंय की माझी पुतणी येतेय. त्या म्हणाल्या, दादा, तुम्हाला पुतणी आहे हे इतकी वर्षं बोलला नाहीत? मी म्हटलं, मलाही आत्ताच कळतंय. येताना बाजरीचं पीठ आण, आणि लोखंडी तवा. इथला तवा भाकरीला साथ देत नाही. गरम कपडे ऑक्टोबरपर्यंत लागत नाहीत. गाडीत कुणी दिलेलं खाऊ नका. गुवाहाटीच्या पुढच्या गाडीत पाणी भरून घ्या. स्टेशनवर मी येईन. पांढरी टोपी घातलेला म्हातारा दिसेल तो मी, कोट शोधत बसू नका.

एक विचारतो. तू ताट घेऊन रांगेत उभी राहशील आणि मी वाढत असेन. तुझ्या मैत्रिणी मोठ्या घरच्या असतील. तुला ओळख दाखवायची नसेल तर माझी काही तक्रार नाही. मी बाकीच्यांसारखंच तुला वाढीन. फक्त भात थोडा जास्त पडेल.

तुझा काका


आसाम
२४ ऑगस्ट २०२५

रेणुका,

कारखान्याच्या पत्त्यावरचं मागचं पत्र तुला कसंबसं गाडीच्या आदल्या दिवशी मिळालं म्हणालीस, म्हणून या खेपेला घरच्या पत्त्यावर पाठवतो. फोन श्रीपतीजवळ असतो, म्हणून पत्रच. पाकिटावर तुझं नाव आहे, आणि श्रीपतीला मोतीबिंदूमुळे वाचता येत नाही, एवढं एक बरं आहे.

आधी चांगलं सांगतो. तू परत गेलीस त्याच दुपारी यशो रांगेत उभी राहिली आणि माझ्यासमोर आल्यावर एवढ्या मोठ्यानं ‘काका’ म्हणाली, की सगळ्या मेसनं माना वळवल्या. आता दोनशे पोरं मला काका म्हणतात. प्रिन्सिपल साहेबांनी परवा माझं आडनाव विचारलं.

आता दुसरं. ते तुला सांगितल्यावाचून माझा जीव थाऱ्यावर राहणार नाही. पोरगी जेवत नाही. मागच्या आठवड्यात चार दिवस ताप होता. डॉक्टरांना दाखवलं, ताप उतरला, पण अन्नावर वासना नाही. वर्गात सगळं इंग्रजी. खोलीतल्या मुली आपसांत आसामी बोलतात. पहिल्या चाचणीत खालून तिसरी आली. बारावीला जी मुलगी शाळेत पहिली, तिला हे कसं सोसणार? तुमच्याशी फोनवर हसते, आणि फोन ठेवला की कोठीत येऊन तांदळाच्या पोत्यावर बसते. काल म्हणाली, काका, माझं चुकलं, मला घरी जायचंय. पण आबांना कुठल्या तोंडानं सांगू? त्यांनी सगळ्या खंडाळ्याला सांगितलंय.

मी दोन भाकऱ्या थापून तिच्यासमोर बसलो. अर्धी खाल्ली. काल आणि आज तेवढीही नाही.

काय करू ते तू सांग. पाठवून देऊ? श्रीपतीच्या कानावर जाऊ देऊ नकोस. त्याला कळलं तर तो दुसऱ्या दिवशी तिला घेऊन जाईल, आणि मग ती पुन्हा काही कुठे शिकायला जायची नाही.

महिपती


खंडाळा
८ सप्टेंबर २०२५

दादा,

हे मी लिवतोय, माज्या हातानं. सातवीनंतर सही सोडून काय लिवलं न्हाई. अक्षराला हसू नगं.

वडगावला डोळ्याचं शिबिर होतं, तितं ऑगस्टात एक डोळा केला. पोरीचं पत्र आलं तर आता वाचणार कोण, म्हणून गेलतो. यशोला सांगितलं न्हाई, उगं घाबरली असती. पट्टी सुटली आणि पयलं पाकीट हाताला लागलं ते तुजं, रेणुकाच्या नावाचं. दुसऱ्याचं पत्र वाचू न्हाई हे मला ठावं हाय. पण मला अक्षर दिसत होतं, दादा! त्या आनंदात फोडलं.

वाचलं आणि मग फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. तुजी सगळी पत्रं त्यात हायेत. दोन दिस बंगल्याच्या मागच्या पायरीवर बसून एकेक वाचलं. हत्ती न्हाई, गच्ची न्हाई, नदी न्हाई. गुडघा दुखतो, थंडी लय हाय, सगळ्यांना जय भीम. आणि ते जूनमधलं पण वाचलं.

पयलं काय झालं म्हणशील तर राग आला. तुजा, पोरीचा, रेणुकाचा. ही बया तुजी खोली डोळ्यानं बघून आली आणि मला म्हणाली होती, बंगला लय भारी, आंघोळीला गरम पानी.  मग रेणुकाला इचारलं, मला येडं का केलंत? तशी ती चिक्कीच्या पिशव्या बाजूला सारून म्हणाली, “मग काय करायचं होतं? तुमाला खरं सांगून पोरगी घरात बसवायची होती?”  मी बसवलीच असती.

आचारी तर आचारी. दोनशे पोरांना जेवू घालतोस. मी शेठच्या कुत्र्याला घालतो आणि पावण्यांत मॅनेजर म्हणून सांगतो. तू आदी बोलला असतास तर मी पण बोललो असतो.

आता कालचं ऐक. तुजं ते पत्र मी वाचून उशाखाली ठेवलं होतं. आईनं पाकिटावरचं झाड बघितलं, तिला वाटलं विहाराचंच हाय, नेऊन मूर्तीपुढं ठेवलं. मला पत्ताच न्हाई. काल पौर्णिमेला वंदना झाली आणि बघतो तर गेणूभाऊच्या हातात ते पाकीट. म्हणला, नियम मोडून फोडलंय कुणीतरी, पण असू दे. आणि दिलं ज्योत्स्नाच्या हातात. त्याची पोरगी, आता यशोच्या जागी तीच वाचती. तिला जे दिसंल तेच ती वाचणार, तिला दुसरं येत न्हाई.  आख्ख्या वस्तीसमोर पोरगी उघडी पडणार. मी उठलो आणि तिच्या हातनं कागद काढून घेतला. म्हणलं, माज्या भावाचं पत्र हाय, आजपासून मी वाचणार. डोळा कशाला केलाय मग?

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि वाचाय लागलो.

यशो पयल्या चाचणीत वरून तिसरी आली असं वाचलं. प्राध्यापक लोक तिला नावानं हाक मारतात असं वाचलं. मला काय लय सुचत न्हाई, पोरीसारखं जमत न्हाई. मधी आई वराडली, “पोरगी जेवती का रं?” मी कागदात बघितलं. तितं तुजं अक्षर सरळ दिसत होतं, काल आणि आज तेवढीही न्हाई. मी वाचलं, ‘दोन टाइम पोटभर जेवते.’ आई म्हणाली, “वाच की पुढं.” पुढचं मला दिसंना. लोकांना वाटलं, डोळा अजून कच्चा हाय. गेणूभाऊनं मला हाताला धरून खाली बसवलं.

अठ्ठावीस वर्सं तू कसं लिवत होतास, ते मला काल त्या एका ओळीत कळलं.

आता मी लिवतो ते नीट वाच. तिला एवढ्यात पाठवू नगं. दिवाळीपातुर बघ. रोज एक भाकरी तिच्यापुढं ठेव, खाल्ली तर खाल्ली, पण ठेवायची. तिखटाशिवाय तिला चालत न्हाई, मिरचीचा ठेचा रेणुका पाठवती. बोलता बोलता तिला म्हण, की तुजा आबा तुला कदी रागवायचा न्हाई, खालून तिसरी आलीस तरी न्हाई आणि सामान घेऊन दारात आलीस तरी न्हाई. लोकांना काय सांगायचं ते आबा सांगंल. हे तुज्या मनाचं म्हणून सांग, मी लिवलंय म्हणून नगं.

आणि माज्या डोळ्याचं तिला बोलू नगं. मला वाचता येतंय हे कळलं तर ती तुला खरं लिवू द्यायची न्हाई. ताप असला तर ताप लिव, रडली तर रडली लिव, उपाशी असली तर उपाशी लिव. पाकिटावर माजं नाव घाल आणि मोठ्या अक्षरात ‘खाजगी’. विहारात काय वाचायचं ते माजं मी बघतो.

श्रीपती